सव्वा महिना

शेवटचं कॅरेट गाडीत चढलं तेव्हा दिवस मावळतीला आला होता. व्यापाऱ्यानं उरलेले पैसे बाबांच्या हातात मोजून ठेवले आणि गाडी नाल्यातून डुलत मलकापूरच्या वाटेला लागली. दादानं हात झटकले.

"सुटलो बापा! आता नाल्याकडच्या चार ओळी तेवढ्या राह्यल्या. त्या संक्रांतीनंतर काढू, भाव चढते तवा. बाकी बगिच्यात आता काई काम नाई."

बाबांनी पैसे टोपीत ठेवले, टोपी डोक्यावर घातली आणि एका झाडाखाली जाऊन वर पाहत उभे राहिले. आठ दिवसांपूर्वी ते झाड फळांनी जमिनीला टेकलं होतं, बांबूच्या टेकण्या लावून उभं केलेलं. आता फांद्या एकदम वर उचलल्या गेल्या होत्या. टेकण्या नुसत्याच उभ्या होत्या, त्यांच्यावर काही नव्हतं.

"त्या चार ओळीबी आजच उतरवायच्या होत्या," बाबा म्हणाले.

"महिनाभरानं दुप्पट भाव येईन."

"मंग त्या ओळी तुह्या. पैसा तुहा अन् राखणबी तुही."

आमचं रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचं, घाटाखालचं गाव. 1582 साली खुदावंदखान महदवीनं बांधलेली लहानशी देखणी मशीद इथं आहे. त्याआधी 1437 मध्ये खानदेशचा सुलतान नसीरखान इथंच बहमनी फौजेपुढं हरला. पुढं 1590 मध्ये अहमदनगरच्या गादीच्या भांडणात जमालखान इथंच मारला गेला. हा इतिहास ऐकला की आम्ही पोरं विचारायचो, कोण जिंकलं? बाबांचा प्रश्न निराळा असायचा. फौजा निघून गेल्यावर ही वावरं पुन्हा कोणी पेरली असतील, घोड्यांनी तुडवलेली माती भुसभुशीत व्हायला किती पावसाळे गेले असतील, हे ते विचारायचे. त्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मला आज वाटतं, बाबांना सगळ्याच बाबतीत हा 'निघून गेल्यावर'चाच प्रश्न पडायचा.

आमचा बगिचा एक हेक्टरचा, 6 बाय 6 मीटरवर लावलेला, 277 झाडं. नागपुरी संत्रा, जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली. घ्यायचो फक्त आंबिया बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फूल आणि नोव्हेंबरात तोड. गावातले काही जण आंबियाही घ्यायचे आणि पावसाळ्यात मृग आला तर तोही ठेवायचे. बाबा मृगाची चुकार फुलं दिसली की काढून टाकायचे. तोडीच्या वेळी त्यांचा काच मजुरांना नकोसा व्हायचा. दव उतरल्याशिवाय फळाला हात लावायचा नाही. ओढून तोडायचं नाही, कात्रीनं देठाजवळ कापायचं. ओढलं की देठापाशी साल फाटते, आणि त्या फटीतून बुरशी शिरली की एक फळ आजूबाजूच्या दहांना घेऊन बसतं. घोडीवरून फळ खाली टाकलेलं दिसलं तर ते स्वतः उचलून बाजूला काढायचे. ते फळ गाडीत जायचं नाही, घरात खायला यायचं.

त्या वर्षी घरातही एक मोठी गोष्ट घडली होती. तोड सुरू होण्याच्या आदल्या रात्री वहिनी बाळंत झाली. मुलगा झाला. ही तिची दुसरी खेप, म्हणून सासरीच. आजीनं ताबडतोब घराचा ताबा घेतला. मधल्या खोलीच्या दाराला पडदा लागला. सकाळी तेलपाणी, मग शेक, ओव्याची धुरी. डिंकाचे आणि मेथीचे लाडू डब्यात भरून झाले. जेवणानंतर बाळंतशेपा. वहिनीनं सव्वा महिना उंबऱ्याबाहेरचं काम करायचं नाही, हे आजीनं घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं. आणि यात सगळ्यांत पुढं होता दादा. बाभळीचा डिंक स्वतः मलकापूरहून निवडून घेऊन आला. वहिनीचा हात पाण्याच्या हंड्याला लागलेला दिसला, की अंगणातून धावत यायचा. बायकोवर त्याचा जीव होता, हे मी मुद्दाम सांगतो. तो काही कठोर माणूस नव्हता.

तोड संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी मला उठवलं. सिकेटर, करवत, दोन बादल्या.

"माल तर गेला," मी डोळे चोळत म्हणालो.

चुलीपाशी बसलेल्या आजीनं ते ऐकलं. "तुही वैनी बाळंतीण झाली, तवा पोरगं हाती आलं म्हनून तिले वावरात धाडली का आपून? फूल धरल्यापासून फळ उतरेपर्यंत मोज. नऊ महिनेच होतेत. त्यानं दिलं. आता त्याच्या अंगात काय उरलं, हे कोनी पाह्यचं?"

त्या डिसेंबरात मी पहिल्यांदा झाड जवळून पाहिलं. फळांनी लदलेलं झाड लांबूनच देखणं वाटतं, जवळ जायची गरज पडत नाही. ते रिकामं झालं की मग दिसायला लागतं, कुठली फांदी मोडली, कुठं साल खरचटली, आतल्या बाजूला किती काड्या वाळल्या. त्या वाळलेल्या काड्यांना आमच्याकडं सल म्हणतात. सल म्हणजे मनात रुतलेलं दुखणंही, आणि मला हा शब्द दोन्हीकडं तंतोतंत लागू वाटतो. बाहेरून हिरवं झाड आणि आत सल. तो तसाच राहिला तर त्याच्यावरची बुरशी पुढच्या वर्षीच्या फळाच्या देठात उतरते आणि फळ गळतं. बाबा सल नुसता वाळलेल्या जागी कापत नसत. खाली ओल्या हिरव्या भागात इंचभर उतरून कापत. एका झाडाचं झालं की पातं औषधाच्या पाण्यात बुडवायचं, मगच दुसऱ्या झाडाला लावायचं. बुंध्याजवळ खुंटातून सरळसोट उभे वाढलेले पाणसोट काढायचे. ते तजेलदार दिसतात, पण झाडाचं खाऊन मोठे होतात आणि फळ देत नाहीत. कापलेला सल गोळा करून बगिच्याबाहेर नेऊन जाळायचा. पहिल्या दिवशी आमची सहा झाडं झाली. माझ्या मनात 277 ला सहानं भागणं सुरू होतं. बाबांच्या मनात तसलं काही नसावं.

मग बोर्डो मलम. याची एक गोष्ट माझ्या अंगाशी आली, ती सांगतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मला वाटलं यात काय शिकायचं? बाबा यायच्या आत मी घरातलं लोखंडी घमेलं घेतलं, त्यात मोरचूद घातलं, वरून चुना ओतला आणि ढवळायला लागलो. बाबांनी येऊन पाहिलं आणि काही न बोलता ते सगळं बांधापलीकडं खड्ड्यात ओतलं. घमेल्याची आतली बाजू तांबूस झाली होती. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढलं होतं. झाडासाठी आणलेलं औषध घमेल्यानं खाल्लं होतं.

मग त्यांनी मला पुन्हा करायला लावलं. मोरचुदाची पुरचुंडी रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात टांगलेली. सकाळी ते पाणी मोराच्या मानेसारखं निळं झालेलं. दुसऱ्या बादलीत पाच लिटरमध्ये फोडलेला चुना, निवू दिलेला, फडक्यातून गाळलेला. तिसरी बादली रिकामी. दोन्ही हातांनी दोन्ही बादल्यांच्या धारा एकाच वेळी तिसरीत सोडायच्या आणि दुसऱ्या माणसानं लाकडी काठीनं ढवळत राहायचं. रंग बदलत बदलत आभाळासारखा होतो. मग बाबांनी विळा दगडावर चकचकीत घासला, त्याचं पातं मलमात बुडवलं आणि थांबले. घाई नाही. पातं बाहेर काढून उन्हात धरलं. त्यावर तांबूस झाक होती.

"अजून जळजळते," बाबा म्हणाले. "चुना घाल."

मी थोडी निवळी घातली. पुन्हा पातं. पुन्हा थांबणं. या वेळी ते जसं गेलं तसंच स्वच्छ बाहेर आलं. "आता लाव." जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बुंध्याला ब्रशनं मलम, सालीच्या भेगाभेगांत शिरेल असं. संध्याकाळपर्यंत निळे पायमोजे घातल्यासारखी झाडं उभी राहिली. केलेलं मलम त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

त्यानंतर पाणी तोडलं. ताण दिला. आमच्या मध्यम जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो, भारी काळ्या मातीत दीड-दोन महिने लागतात. इथं आजीची उपमा जरा अडते, कारण बाळंतिणीला तहानलेलं ठेवायचं नसतं, आणि आजचे डॉक्टर तर भरपूर पाणी प्यायला सांगतात. झाडाचं तसं नाही. पाणी तुटलं की झाड पालवी धरायचं थांबतं, पानं जरा मलूल होतात, आणि खर्च न झालेलं सगळं काड्यांमध्ये साठत जातं. तेच पुढं फूल होऊन बाहेर पडतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं झाड सुस्त पडलंय. वहिनीकडं पाहूनही शेजारणींना तेच वाटायचं.

दादाच्या चार ओळींना मात्र हे काहीच मिळालं नाही. झाडावर फळ होतं, मग ताण कसा देणार? पाणी तोडलं तर फळ गळणार. तो दर आठ-दहा दिवसांनी मोकळं पाणी सोडत राहिला, नाल्याच्या उताराला, बुंध्याला लागून. सल काढायला गेलं तर फळं झडतील, म्हणून सिकेटर लावली नाही. साली फुगल्या, फळं पोली पडायला लागली, तरी संक्रांतीनंतर त्याला खरोखर चांगला भाव मिळाला. बाबांच्या मालापेक्षा बराच जास्त. त्यानं त्या पैशांत जुनी मोटरसायकल घेतली, वहिनीला साडी आणली, आजीच्या हातात नोट ठेवली. बाबांनी गाडीला हार घातला आणि मनापासून घातला.

जानेवारीच्या मध्यावर बाबांनी ताण तोडला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे दहा वर्षांच्या झाडाला 50 किलो शेणखत आणि साडेसात किलो निंबोळी ढेप, वर खताची मात्रा, मग दुहेरी आळ्यातून पाणी. बुंध्याभोवतीचं आतलं आळं कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. फेब्रुवारीत एका रात्रीत सगळं फुटलं म्हणावं तसं झालं. संत्र्याचं फूल लहान असतं, पण हेक्टरभर फुललं की वास गावाच्या वेशीपर्यंत येतो. सव्वा महिना होऊन गेला होता. आजीनं वहिनीला बाळासकट बगिच्यात आणायचं ठरवलं. ओटी भरायला म्हणे झाडाचं फूलच हवं.

वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन ओळींमधून चालत होती. मागं आजी, तिच्या मागं दादा, मग मी. बाबा मोटेच्या जुन्या थारोळ्यावर बसलेले. माश्यांचा घूं घूं आवाज, पायाखाली पांढऱ्या पाकळ्या. वहिनीचा चेहरा उजळला होता, अंग भरलं होतं, चालताना ती गुणगुणत होती. नाल्याच्या अंगाला वळली आणि चार पावलांवर थांबली. मागं आली. पुन्हा पुढं गेली.

"अहो," ती दादाला म्हणाली, "इथून पुढं वासच येत नाई."

ती दोष द्यायला बोलली नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. दादा तिथं पोचला. अलीकडच्या ओळीवर पांढरं, पलीकडच्या ओळीवर नुसती गर्द हिरवी पानं. साठ-पासष्ट झाडं, आणि सगळ्या झाडांवर मिळून ओंजळभर फूल नाही. आजी एका बुंध्याशी वाकली. सालीला भेग पडून मधाच्या रंगाचा डिंक ओघळला होता आणि खाली मातीवर साकळला होता. तिनं तो बोटावर घेतला.

"बायकोले डिंक आनून खाऊ घातला माह्या लेकरानं," ती हळूच म्हणाली. "अन् याचा डिंक असा वाहून गेला."

दादा त्या झाडापाशी बसला. बराच वेळ बसला. आम्ही पुढं गेलो. बाबा थारोळ्यावरून उठले नाहीत, त्यांनी हाक मारली नाही. बाबांचं हे मला तेव्हा कळलं नव्हतं. वाटलं होतं, ते आता दोन शब्द सुनावतील. त्यांनी पुढच्या वर्षभरात संत्र्याच्या त्या भावाबद्दल, त्या मोटरसायकलबद्दल एक अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा मला न उठवता एकटाच गेला. डिंक्या रोग बुंध्यावर असतो तेव्हा धारदार चाकूनं रोगट साल जिवंत भागापर्यंत खरवडावी लागते, पोटॅश परमँगनेटच्या पाण्यानं जखम धुवावी लागते, मग मलम. बुंध्याशी साचणारं पाणी वळवावं लागतं. हे काम उभ्यानं होत नाही. गुडघे टेकून, गाल जवळजवळ बुंध्याला लावून करावं लागतं. तो महिनाभर तसा बसला. पावसाळ्यात त्या ओळींवर मृगाची फुलं आली, तेव्हा मला वाटलं तो ठेवेल, कारण वर्षाचं पीक गेलं होतं. त्यानं ती स्वतः हातानं खुडली. नऊ झाडं वाचली नाहीत. बाकीच्यांना पुन्हा भरघोस फुलायला दोन बहार गेले. मेलेल्या झाडांच्या जागी त्यानं नवी कलमं लावली, डोळ्याचा जोड मातीपासून चांगला वीतभर वर ठेवून.

आता बाबा नाहीत, आजीही नाही. तोडीच्या हंगामात दादा मजुरांना नकोसा होतो.

आणि वहिनीच्या खांद्यावर त्या दिवशी असलेला मुलगा न्यूझीलंडमध्ये आहे, बे ऑफ प्लेंटीतल्या टी पुके या गावात, किवीच्या बागेत. अकोल्याला कृषी शिकला आणि तिकडं गेला. परवा, मे महिन्याच्या शेवटी, आम्ही पावसाळ्याआधीचं मलम लावायची तयारी करत होतो, तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. इथं सकाळचे आठ, तिथं दुपारचे अडीच. पाठीमागं तारांवर चढवलेला वेलींचा मांडव, नाशिककडच्या द्राक्षाच्या मांडवासारखा, पण पानं तळहाताएवढी मोठी.

त्यानं आईला सगळं सांगितलं. किवीचं फळ आधी तपासणीला जातं, त्यातल्या गराचा घट्टपणा आणि साखर मोजतात, होकार आल्याशिवाय एकही फळ तोडत नाहीत. हातमोजे घालून, पोटाशी बांधलेल्या पिशवीत, नख न लागू देता. फळ ओलं असेल तर काम बंद. आता त्यांच्या बागेची तोड संपली होती.

"मंग आता सुट्टी?" वहिनीनं विचारलं.

"नाई ना माय, आता तर काम हाय." त्यानं हात वर केला. हातमोजा निळा झाला होता. "फळ तोडलं तिथं देठाची जखम राह्यते. त्यावर तांब्याचं औषध मारून राह्यलो. पानं अजून हिरवी हायेत, मुळाले खाऊ घालतेत. ती गळली की थंडीत छाटनी. फळ देऊन झालेल्या काड्या काढायच्या, नव्या तारेवर बांधायच्या."

मग त्यानं 2010 सालचं सांगितलं. त्या नोव्हेंबरात टी पुकेच्या एका बागेत पीएसए नावाचा जिवाणू सापडला. वेलींच्या खोडातून तांबडा चिकट रस ओघळायला लागला. सोनेरी गराच्या जुन्या वाणाला तो इतका लागला की लोकांनी बागाच्या बागा करवतीनं कापल्या आणि नव्या वाणाची कलमं बांधली. तेव्हापासून तोडीनंतरचं हे काम तिथं कोणी उद्यावर टाकत नाही.

दादा बाजूला बसून ऐकत होता. तांबडा रस म्हटल्यावर त्यानं मान वर केली.

"बुंध्याशी पाणी साचते का तुमच्या तिकडे?"

"नाई बाबा. पन पाह्यतो म्या रोज."

"पाह्यत जाय."

फोन ठेवून दादानं विळा घेतला. दगडावर घासला, चकचकीत होईपर्यंत घासला. पातं तिसऱ्या बादलीत बुडवलं आणि थांबला. मी ब्रश घेऊन उभा होतो. घाटावरून ढग उतरायला लागले होते, पण तो उठला नाही. मग पातं बाहेर काढून त्यानं उजेडाकडं धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं. स्वच्छ होतं.

"चाल," तो म्हणाला. "नाल्याकडून सुरू कर."